शंखातील बिऱ्हाडकरू

[शंख म्हणजे एका प्राण्याचे घर, असे आपण समजतो. परंतु त्या एका घरात अनेकांची बिऱ्हाडे असतात. काही घराच्या भिंतीवर राहतात, तर काही थेट घरधन्याच्या शरीरात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील एका लहानशा समुद्रगोगलगाईच्या आधाराने या बिऱ्हाडकरूंची ओळख या पाठात करून दिली आहे. ज्यास आपण क्षुद्र व घातक म्हणून दूर लोटतो, त्याचेही निसर्गात काही स्थान असू शकते, हा या पाठाचा आशय आहे.]

मी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका शाळेत शिक्षक होतो, तेव्हाची गोष्ट. दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र नुकतेच सुरू झाले होते. एके दिवशी सकाळी वर्गातील एक मुलगा किनाऱ्यावर वेचलेला शंख घेऊन आला व त्याने तो मोठ्या कौतुकाने माझ्या टेबलावर ठेवला. शंख काही फारसा देखणा नव्हता. त्याच्या पाठीवर हिरवट शेवाळ माजले होते आणि दोन-चार ठिकाणी चुन्याच्या बारीक खड्यांसारखे काहीतरी घट्ट चिकटलेले होते. मी हजेरी घेत असता पुढच्या बाकावरून कुजबूज ऐकू आली, "गुरुजी, शंख चालला!"

पाहतो तो खरोखरच शंख टेबलाच्या कडेकडे निघाला होता! मी तो उचलून उलटा केला. आत गोगलगाईचा मागमूसही नव्हता. तिच्या जागी एक इवलासा खेकडा अंग चोरून बसला होता. ज्याने शंख आणला होता, त्याने विचारले, "मग गुरुजी, हा शंख कोणाचा म्हणायचा?"

"अरे, जिने बांधला ती गोगलगाय मरून गेली. आता जो राहतो त्याचा," मी उत्तर दिले.

"आणि पाठीवर हे चिकटून बसले आहेत ते?"

या दुसऱ्या प्रश्नाला मी त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनात राहिला. पुढे वाचनाच्या ओघात त्याचे उत्तर जसजसे मिळत गेले, तसतसे ध्यानात आले की, त्या मुलाने आपल्या अजाण वयात फार मोठ्या गोष्टीस हात घातला होता. शंख कोणाचा, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही.

शंख बांधते ती गोगलगाय. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन ती आपल्या मऊ अंगाभोवती कण कण रचीत जाते. तिचे अंग वाढते तसा शंखही वाढतो. परंतु समुद्रात टणक जागेला फार मोल असते. लाटांच्या माऱ्यात टिकून राहावयाचे तर काहीतरी घट्ट आधार हवा. मग खडक काय आणि शंखाची पाठ काय, सारखेच! म्हणून शंखावर शेवाळ रुजते. बार्नॅकल नावाचे चिमुकले कवचधारी प्राणी त्यावर कायमचे ठाण मांडतात. माझ्या टेबलावरील शंखास चिकटलेले खडे ते हेच. स्पंजाच्या काही जाती तर शंखाच्या भिंतीतच बारीक बारीक बिळे पाडून राहतात. गोगलगाय मेली म्हणजे रिकाम्या शंखात शंखवासी खेकडा शिरतो, कारण त्याचे पोट मऊ असते व त्यास स्वतःचे पुरेसे कवच नसते.

या मंडळींपैकी बहुतेकांना गोगलगाईकडून फक्त जागा हवी असते. त्यांचा तिला थोडाबहुत भार होत असेल. पण ते तिच्या ताटातला घास घेत नाहीत. त्यांना आपण शेजारी म्हणू. बिऱ्हाडकरूंचा दुसरा एक वर्ग मात्र असा आहे की, तो बाहेरून दिसत नाही. तो गोगलगाईच्या शरीरात राहतो आणि तिच्याच अन्नावर जगतो. अशा प्राण्यांना परोपजीवी म्हणतात, आणि ज्याच्या जिवावर ते जगतात त्यास यजमान म्हणतात. आंब्याच्या फांदीवर वाढलेले बांडगूळ तुम्ही पाहिलेच असेल. बांडगूळ आंब्याचा रस घेते. हे जीव गोगलगाईचा घेतात, एवढेच.

समुद्रगोगलगाईच्या अंगातील या परोपजीवींचा विशेष बारकाईने अभ्यास झाला आहे तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात. म्हणून आपणही आता कोकणचा किनारा सोडून थोडा वेळ तिकडे जाऊ.

सांता बार्बरा या शहराजवळ कार्पिंटेरिया नावाचे एक गाव आहे. गावालगत भरती-ओहोटीच्या पाण्याने भिजणारे विस्तीर्ण खाजण आहे. कोकणातील खाजणाप्रमाणे तेथे कांदळवन नाही. मांसल कांडांची खुजी, खारट झुडपे सर्वत्र पसरलेली दिसतात. त्यांच्यामधून खाऱ्या पाण्याच्या वळणावळणाच्या ओहळ्या वाहतात. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि त्यावर हजारो काळपट, निमुळते शंख दिसू लागतात. बैलाच्या शिंगासारखा आकार असल्यामुळे या प्राण्यास शिंगी गोगलगाय म्हणता येईल. लांबी जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी. चिखलावरील सूक्ष्म शेवाळ खात हळूहळू सरकत राहणे, हाच तिचा दिनक्रम.

या शेकडो गोगलगाई सारख्याच दिसतात. परंतु त्यांतील काही फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की निराळेच दृश्य दिसते. जेथे प्रजोत्पादनाचे अवयव असावयाचे, तेथे बारीक बारीक कृमींची दाटी झालेली असते. हे पर्णकृमी होत. पूर्ण वाढ झाल्यावर यांतील पुष्कळांचे अंग झाडाच्या पानासारखे चपटे होते, म्हणून हे नाव पडले. मेंढ्यांच्या यकृतात होणारा कृमी याच कुळातला. या एका शिंगी गोगलगाईत पर्णकृमींच्या सुमारे 20 जाती आढळल्या आहेत.

हे कृमी तेथे येतात कसे? त्यांतील एका जातीची जीवनकथा पाहू. बगळा, कुरव यांसारखे पक्षी खाजणात चरावयास येतात. त्यांच्या विष्ठेबरोबर या कृमीची अतिसूक्ष्म अंडी चिखलावर पडतात. गोगलगाय शेवाळाबरोबर ती गिळते. अंड्यातून बाहेर पडलेला जीव तिच्या अंगात स्थिरावतो आणि एकाचे अनेक होऊ लागतात. ते तिला मारीत नाहीत. मारून कसे चालेल? घरच कोसळले तर बिऱ्हाडाने जावे कोठे? ते तिची प्रजोत्पादनाची शक्ती तेवढी नष्ट करतात व ती जागा स्वतः व्यापतात.

यापुढेही ती गोगलगाय जगते, चालते, शेवाळ खाते, आणि तीही थोडे दिवस नव्हे तर कित्येक वर्षे. मात्र तिला पिल्ले होत नाहीत. तिच्या मऊ अंगाच्या वजनापैकी सुमारे पाचवा हिस्सा आता या कृमींचाच असतो. शंख तिचा, चालणे तिचे, तोंड तिचे. वाढतो तो वंश मात्र परक्याचा! कोकिळेची अंडी उबविणाऱ्या कावळीची हकिकत तुम्हांस ठाऊक आहे. पण ती कावळी निदान पुढल्या वर्षी स्वतःची पिल्ले वाढवू शकते. या गोगलगाईला तीही आशा उरत नाही.

गोगलगाईच्या अंगात तयार झालेले शेपटीवाले डिंभ पुढे पाण्यात बाहेर पडतात. आता त्यांना दुसरे घर शोधावयाचे असते. या जातीचे डिंभ किलीफिश नावाच्या, बोटाएवढ्या लांबीच्या माशाला गाठतात. त्याच्या कल्ल्यांतून आत शिरून ते थेट मेंदूपर्यंत पोचतात व मेंदूच्या पृष्ठभागावर पातळ वेष्टनात निपचित पडून राहतात. एकेका माशाच्या डोक्यात असे हजारावर डिंभ आढळतात. त्यांना जावयाचे असते पक्ष्याच्या पोटात, कारण त्यांची पूर्ण वाढ तेथेच होते. परंतु मासा काही आपण होऊन पक्ष्याच्या तोंडी जाणार नाही. मग हे घडावे कसे?

केव्हिन लॅफर्टी व किमो मॉरिस या शास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला आणि 1996 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी निरोगी व बाधित मासे शांतपणे न्याहाळले. बाधित मासे मधूनच झटके देत, पाण्याच्या पृष्ठभागाशी येत, कुशीवर वळून आपले चकाकते अंग दाखवीत. अशा नजरेत भरणाऱ्या हालचाली ते निरोगी माशांच्या चौपट करीत होते. नंतर या शास्त्रज्ञांनी खाजणात कुंपणे घालून त्यांत दोन्ही प्रकारचे मासे सोडले. काही दिवसांनी मोजदाद केली, तेव्हा पक्ष्यांनी बाधित मासे निरोगी माशांच्या 10 ते 30 पट अधिक टिपले असल्याचे दिसून आले. पक्ष्याच्या आतड्यात पोचल्यावर डिंभांचे पूर्ण वाढलेले कृमी होतात, ते अंडी घालतात आणि अंडी पुन्हा चिखलावर पडतात. पक्ष्यापासून गोगलगाय, गोगलगाईपासून मासा, माशापासून पुन्हा पक्षी, असे हे रहाटगाडगे अखंड फिरत राहते.

सगळ्याच जातींना मासा लागतो असे नाही. कोणास मधला यजमान म्हणून खेकडा लागतो, कोणास शिंपला. परंतु बहुतेकांचा आरंभ या गोगलगाईच्या अंगात होतो आणि बहुतेकांचा प्रवास पक्ष्याच्या पोटात संपतो.

गोगलगाय एक आणि तिच्यावर टपलेल्या जाती वीस! तेव्हा या जागेसाठी भांडणे होणारच. एकाच गोगलगाईत दोन जाती शिरल्या तर प्रबळ जात दुर्बळ जातीला खाऊन संपविते. रायन हेचिंगर व त्यांचे सहकारी यांनी 2011 साली याहूनही नवलाची गोष्ट मांडली. काही जातींच्या कृमींत चक्क सैनिक असतात! प्रजा वाढविणारे कृमी मोठे व संथ असतात, तर सैनिक लहान, चपळ आणि अंगाच्या मानाने मोठ्या तोंडाचे असतात. ते स्वतः प्रजा निर्माण करीत नाहीत. परक्या कृमींवर तुटून पडून आपल्या वसाहतीचे रक्षण करतात. मुंग्या व मधमाश्या यांच्यातील श्रमविभाग आपण पुस्तकांतून वाचतो. तसाच श्रमविभाग बोटाच्या दोन पेरांएवढ्या शंखाच्या आत, एका मुक्या गोगलगाईच्या अंगात चालू असतो, हे वाचून मन थक्क होते.

गोगलगाय हे सारे निमूटपणे सोसते काय? एकटीच्या दृष्टीने पाहिले तर होय. परंतु तिची जात स्वस्थ बसलेली नाही. ज्या खाजणांत कृमींची बाधा फार, तेथील गोगलगाई लहान आकाराच्या असतानाच प्रजोत्पादनास योग्य होतात, असे लॅफर्टी यांनी 1993 साली दाखवून दिले. घरात परका शिरण्यापूर्वी आपली पिल्ले जगात यावीत, अशीच जणू ती धडपड!

येथपर्यंत वाचल्यावर तुम्ही नाक मुरडाल आणि म्हणाल, "असले हे बांडगुळाचे जिणे! हे कृमी एकदाचे नाहीसे झाले तर काय बिघडेल?" मलाही प्रथम असेच वाटले होते. परंतु कार्पिंटेरियाच्या खाजणात जे पुढे घडले, ते वाचल्यावर माझे मत बदलले.

या खाजणाचा काही भाग माणसाच्या हस्तक्षेपाने बिघडला होता. 1997 साली तो दुरुस्त करून तेथे भरतीचे पाणी पूर्ववत खेळते करण्यात आले. आता प्रश्न असा की, दुरुस्ती यशस्वी झाली हे ओळखावे कशावरून? हिरवळ उगवली म्हणजे खाजण जिवंत झाले असे थोडेच आहे? पक्षी मोजावे तर ते आज येतात, उद्या उडून जातात; रात्री कोण आले-गेले हे तर कळतच नाही. तेव्हा टॉड हस्पेनी आणि केव्हिन लॅफर्टी यांनी एक युक्ती केली. त्यांनी पक्ष्यांऐवजी गोगलगाईंच्या अंगातील कृमी पाहिले. दुरुस्तीपूर्वी त्या भागातील गोगलगाईंत कृमींची बाधा चांगल्या भागापेक्षा कमी होती व जातीही थोड्या होत्या. दुरुस्तीनंतरच्या सहा वर्षांत बाधेचे प्रमाण जवळजवळ चौपट झाले आणि जातींची संख्या दुप्पट झाली. जो भाग मुळातच चांगला होता, तेथील बाधेत मात्र असा फरक पडला नाही.

बाधा वाढली हे खाजण बिघडल्याचे नव्हे, तर सुधारल्याचे लक्षण ठरले! हे प्रथम विपरीत वाटते. पण नीट विचार केला की उलगडा होतो. कृमींची अंडी आणतो कोण? पक्षी. मधले घर पुरवितो कोण? मासा, खेकडा, शिंपला. यांपैकी एकजण जरी कायमचा निघून गेला, तरी त्या जातीच्या कृमीचे रहाटगाडगे थांबते. म्हणून ज्या गोगलगाईंत अनेक जातींचे कृमी, त्या खाजणात अनेक जातींचे पक्षी, मासे व खेकडे नांदत असलेच पाहिजेत. गोगलगाय ही जणू गावची पाहुण्यांची वही. कोण आले, कोण गेले, याची नोंद तिच्या अंगात कृमींच्या अक्षरांनी उमटलेली असते.

2008 साली आर्मंड क्यूरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक मोजमाप प्रसिद्ध केले. कार्पिंटेरिया आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यावरील दोन, अशा तीन ठिकाणच्या सजीवांच्या एकूण वजनाचा त्यांनी अंदाज घेतला. डोळ्यांना न दिसणाऱ्या या परोपजीवींचे एकूण वजन तेथील पक्ष्यांसारख्या मोठ्या शिकाऱ्यांच्या वजनाहून अधिक भरले. पर्णकृमी वर्षभरात जे पोहणारे डिंभ पाण्यात सोडतात, त्यांचे वजन तर पक्ष्यांच्या वजनालाही मागे टाकते. त्यांतील असंख्य डिंभांना घर सापडतच नाही, आणि ते पाण्यातील लहान प्राण्यांचे भक्ष्य होतात. ज्याला आपण फुकटखाऊ म्हटले, तोच अशा रीतीने दुसऱ्याच्या ताटात अन्न वाढीत असतो.

याचा अर्थ सर्वच परोपजीवी जपावेत असा नव्हे. नारूच्या कृमीने आपल्या देशातील खेड्यापाड्यांतून माणसांचे अतोनात हाल केले. गाळलेले पाणी व स्वच्छ विहिरी यांच्या साहाय्याने आपण त्याचे उच्चाटन केले आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हे फार मोठे पुण्यकार्य झाले. माणसाचे दुःख दूर करणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु आपल्याला किळस येते एवढ्याच कारणाने एखादा जीव निरुपयोगी ठरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. निसर्गाच्या विणीतील कोणता धागा कोठे गुंतला आहे, हे पाहिल्यावाचून तो ओढून काढणे शहाणपणाचे नव्हे.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाला शंख जेथून आणला तेथेच सोडावयास सांगितले. तो किनाऱ्याकडे धावत गेला. आज तो माझ्यासमोर असता, तर मी त्याच्या प्रश्नाला निराळे उत्तर दिले असते. मी म्हटले असते, "बाळ, शंख बांधते ती गोगलगाय खरी, पण तो तिच्या एकटीचा कधीच नसतो. त्याच्या पाठीवर समुद्राचा वाटा आहे, पोटात पक्ष्यांचा आणि माशांचा वाटा आहे, आणि ती गेल्यावर त्या खेकड्याचाही वाटा आहे. तू एक शंख उचललास, तेव्हा एक भरले गावच ओंजळीत घेतले होतेस."

शब्दार्थ

बिऱ्हाडकरू – दुसऱ्याच्या घरात राहणारा. खाजण – भरतीच्या खाऱ्या पाण्याने भिजणारी सखल जमीन. मागमूस – खूण, पत्ता. परोपजीवी – दुसऱ्या सजीवाच्या अन्नावर जगणारा. यजमान – ज्याच्या शरीरावर वा शरीरात परोपजीवी राहतो तो सजीव. डिंभ – प्राण्याची पूर्ण वाढ होण्यापूर्वीची अवस्था. बाधित – ज्यास बाधा झाली आहे असा. रहाटगाडगे – विहिरीतून पाणी काढण्याचे, सतत फिरणारे चक्र. उच्चाटन – मुळापासून नाहीसे करणे.

स्वाध्याय

1. शंखाच्या पाठीवर राहणारे जीव आणि गोगलगाईच्या अंगात राहणारे जीव यांत कोणता फरक आहे?

2. पर्णकृमी गोगलगाईला मारून का टाकीत नाहीत?

3. पक्षी, गोगलगाय व किलीफिश यांच्यामधून होणारा कृमीचा प्रवास आपल्या शब्दांत क्रमाने लिहा.

4. कारणे द्या : (अ) बाधित मासे पक्ष्यांच्या तोंडी अधिक सापडतात. (आ) कृमींची बाधा वाढणे हे खाजण सुधारल्याचे लक्षण ठरले.

5. "गोगलगाय ही जणू गावची पाहुण्यांची वही," असे लेखकाने का म्हटले आहे?

6. नारूचे उदाहरण लेखकाने कोणत्या हेतूने दिले आहे? त्याचे म्हणणे तुम्हांस पटते काय? सकारण लिहा.

7. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : वेळ मारून नेणे, ठाण मांडणे, तुटून पडणे, नाक मुरडणे.

8. आपल्या गावातील एखादे जुने झाड, विहीर किंवा भिंत निवडा. तिच्या आश्रयाने राहणाऱ्या सजीवांचे आठ दिवस निरीक्षण करा व त्यावर पंधरा-वीस ओळी लिहा.